चतुःसीमा न लिहिलेलं आंदण (आधीचं शीर्षक: मुंबई नक्की केवढी दिली होती?)

शीवकर

परवा भाच्याला शीवच्या किल्ल्यावर घेऊन गेलो होतो. पोरगं सातवीत आहे, प्रश्न विचारून जीव खातं. वर पोचल्यावर चारी दिशांना बघून म्हणालं, "मामा, इथे किल्ला कशाला? समुद्र तर दिसतसुद्धा नाही." म्हटलं, समुद्रासाठी नाही रे. खाडीपलीकडे साष्टी, म्हणजे कुर्ल्यापासून पुढे सगळं पोर्तुगीजांचं. त्यांच्यावर नजर ठेवायला इंग्रजांनी बांधला.

"पण पोर्तुगीजांनी तर मुंबई लग्नात आंदण दिली ना? मग नजर कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. शाळेत आपणही ती एकच ओळ शिकलो. दुसऱ्या चार्ल्सचं लग्न, ब्रागांझाची कॅथरीन, आंदणात मुंबई, मार्क घ्या. त्या ओळीच्या पोटात काय काय दडलंय ते थोडं लिहितो. चुकलो तर हक्काने झोडा.

लग्नाचा तह २३ जून १६६१ चा, व्हाइटहॉलमध्ये झालेला. स्पेनच्या जोखडातून सुटायला पोर्तुगाल १६४० पासून लढत होता आणि त्याला इंग्लंडची फौज हवी होती. चार्ल्सला पैसा हवा होता. वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), आफ्रिकेतलं टँजियर, व्यापाराच्या सवलती आणि मुंबई असा सौदा ठरला. तहाच्या अकराव्या कलमात मुंबईबद्दल एवढंच आहे की मुंबईचं बंदर आणि बेट, त्याचे सगळे हक्क, उत्पन्न, मुलूख आणि त्याला जे काही लागू असेल ते. संपलं. "लागू असेल ते" म्हणजे काय, यावर एक अक्षर नाही.

ताबा घ्यायला १६६२ च्या वसंतात मार्लबरोचा अर्ल पाच जहाजं घेऊन निघाला. सोबत नियोजित गव्हर्नर सर अब्राहम शिपमन आणि चारशेच्या आसपास शिपाई. त्याच ताफ्यात गोव्याचा नवा पोर्तुगीज गव्हर्नर अँतोनियु द मेलु द काश्त्रु. म्हणजे देणारा आणि घेणारा एकाच ताफ्यातून आले. ज्या जहाजावर मेलु होता त्याच्या इंग्रज कप्तानाशी त्याचं वाटेतच बिनसलं, तिथेच पहिली माशी शिंकली असावी.

सप्टेंबर १६६२ मध्ये मुंबई बंदरात नांगर पडले. मार्लबरो म्हणाला, मुंबई, साष्टी आणि ठाणं ताब्यात द्या. इंग्रजांचं म्हणणं असं की सौद्याच्या वेळी राजाला जो नकाशा दाखवला त्यात हे सगळं मुंबईतच धरलेलं होतं. मेलु म्हणाला, साष्टीचा तहात उल्लेख कुठे आहे? मुंबई म्हणजे मुंबई. आणि तीसुद्धा आत्ता नाही. शिपमनचं जहाज मागे राहिलंय, तो अजून पोचलेला नाही. तो पोचला, तर कागद रीतसर नाहीत. सही अशी नको, मजकूर तसा नको. आपल्याकडच्या कुठल्याही खिडकीवर शोभेल असा कारभार.

मार्लबरो हात हलवत परत गेला. शिपमन आणि त्याचे शिपाई मात्र इथेच अडकले. त्यांचं काय झालं ते प्रतिसादात लिहितो, हात दुखले.

वाचनवेडी

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. त्या नकाशाचं काय झालं? कुठे बघायला मिळतो?

शीवकर

@वाचनवेडी, गंमत तीच तर आहे. वाद पेटला तेव्हा नकाशा सापडेना. लंडनमध्ये मुंबईबद्दल ज्ञान इतपत होतं की लॉर्ड चॅन्सेलर क्लॅरेंडनला मुंबई ब्राझीलजवळ कुठेतरी आहे असं वाटत होतं, अशी गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. खरीखोटी देव जाणे. पण लंडनच्या नौदल कचेरीतल्या सॅम्युएल पेप्सने मे १६६३ च्या रोजनिशीत पोर्तुगीजांनी आपल्याला मुंबईच्या बाबतीत टोपी घातली अशा अर्थाचं लिहून ठेवलंय, ते मात्र पक्कं.

निवृत्त भूमापक

माझी सगळी नोकरी जमिनीच्या कागदांत गेली, म्हणून लिहितो. आमच्याकडे साधं अर्ध्या गुंठ्याचं खरेदीखत असलं तरी त्यात चतुःसीमा लिहितात. पूर्वेस अमक्याचा बांध, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचं शेत. ती नसेल तर पुढच्या तीन पिढ्या कोर्टात. "त्याला जे काही लागू असेल ते" हे शब्द खतात येतात, पण ते विहीर, झाडं, वहिवाट यांच्यासाठी. शेजाऱ्याचं शेत त्यात येत नाही.

तुमच्या त्या अकराव्या कलमात चतुःसीमा नाही. दोन राजांच्या वकिलांनी लिहिलेला तह आणि त्यात बांध कुठे ते नाही! आमच्या तलाठ्याने असला कागद परत केला असता.

शीवकर

काका, साष्टांग. धाग्याचं शीर्षक बदलतोय, श्रेय तुम्हाला.

तिसवाडीकर

नमस्कार. गोंयचा म्हणून पोर्तुगीजांची बाजू मांडायची पाळी माझ्यावरच येणार हे दिसतंय, तर मांडतो.

मेलु द काश्त्रु अडेलतट्टू होता असं इंग्रज लिहितात आणि आपण तेच वाचतो. त्याच्या जागी बसून बघा. मुंबई द्यायची ती कशाच्या बदल्यात? डचांविरुद्ध मदतीच्या. डच एकेक ठाणं गिळत होते. आणि झालं काय? जानेवारी १६६३ मध्ये कोची डचांनी घेतलं. इंग्रज जहाजं पोर्तुगीजांसाठी तिथे लढायला गेली नाहीत. मग हा म्हणाला, तुमच्या बाजूचं कलम तुम्ही पाळलं नाही, मी माझ्या बाजूचं का पाळू?

इंग्रजांनी मदत केली, नाही असं नाही. पण ती केली युरोपात. १६६३ ला आमेयशियाल आणि १६६५ ला मोंतेस क्लारोस, या दोन्ही लढायांत इंग्रज पलटणी पोर्तुगालकडून स्पेनशी लढल्या. म्हणजे फायदा लिस्बनचा आणि बिल फाडलं गोव्याच्या नावावर. गोव्यातल्या कुठल्याही कारकुनाला राग आला असता.

आणि ते प्रसिद्ध पत्र. १६६५ च्या जानेवारीत त्याने राजाला कळवलं की केवळ तुमचा ताबेदार म्हणून मी हे करतोय, ज्या दिवशी इंग्रज मुंबईत पाय रोवतील त्याच दिवशी इंडिया गेली. हे वाक्य मराठी लेखांत "केवढी ही दूरदृष्टी, ब्रिटिश साम्राज्याचं भाकीत" म्हणून दर दोन वर्षांनी येतं. अहो, त्याची "इंडिया" म्हणजे आपला भारत नव्हे. पोर्तुगीज कागदांत इंडिया म्हणजे त्यांची पूर्वेकडची सत्ता, "इश्तादु द इंडिया". त्याला काळजी होती वसईची, चौलची, दमणची. दिल्लीशी त्याला देणंघेणं नव्हतं.

वाचनवेडी

अरे! हे माहीत नव्हतं. मीसुद्धा ते वाक्य एकदा भाषणात ठोकून दिलंय. 🙈

कारवारी मासा

शिपमनच्या शिपायांचं मी सांगू का? कारण ते आमच्या दारात मेले.

मुंबई मिळेना तेव्हा शिपमनने सुरतेच्या वखारीकडे शिपाई उतरवायची परवानगी मागितली. तिथला प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन म्हणाला, नको रे बाबा, एवढी फौज बघून मोगल सुभेदार बिथरेल आणि आमचा धंदा बसेल. मग हे लोक कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिले. चारशेच्या आसपास माणसं. वर पावसाळा.

आमच्या किनाऱ्यावरचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला पुढचं सांगायला नको. जूनला सुरू झाला की आभाळ फाटल्यासारखा पडतो. होड्या बंद, मासळी बंद, भाजी बंद. कपडे वाळत नाहीत, जखमा वाळत नाहीत. ती माणसं इंग्लंडहून आलेली, अंगावर लोकरी कपडे. ताप आणि हगवण. एक पावसाळा काढला, दुसरा काढला. खुद्द शिपमन एप्रिल १६६४ मध्ये तिथेच गेला. शेवटी मुंबईत पोचले ते शंभराच्या आसपास. चारातले तीन गेले, आणि तेही एक गोळी न झाडता.

आमच्या घरून स्वच्छ दिवशी अंजदीव दिसतं. आता नौदलाचा तळ आहे. मात्र कारवारला खेटून असूनही ते बेट कागदोपत्री गोव्यात मोडतं, कारण १९६१ पर्यंत पोर्तुगीजांनी ते सोडलं नव्हतं. म्हणजे चतुःसीमेचा घोळ आमच्याकडेही आहे, काका.

शीवकर

कारवारी मासा, हे मला इतकं चांगलं लिहिता आलं नसतं. पुढचा दुवा जोडतो. जे शंभर उरले ते पुढे कंपनीच्या मुंबई युरोपियन पलटणीचं मूळ ठरले. त्याच पलटणीची पुढे रॉयल डब्लिन फ्युजिलियर्समधली एक बटालियन झाली.

शिपमन गेला आणि नवीन घोळ सुरू झाला. लंडनहून आलेले सुधारित कागद शिपमनच्या नावाचे आणि शिपमन तर मेलेला. मरताना त्याने आपला चिटणीस हम्फ्री कुक याला वारस नेमलं होतं. हा वारस लागतो का, यावर गोव्याच्या उच्च न्यायालयात खल झाला. शेवटी लागतो असं ठरलं.

कुक हा एक वेगळाच नमुना. पोर्तुगीज कागदांत त्याचं नाव "इनोफ्रे कोक". मेलु त्याला ओळखायचा, लिस्बनमध्ये किराणा दुकानदार म्हणून! त्यामुळे त्याच्यासमोर बसून तहाच्या वाटाघाटी करायची मेलुला किती लाज वाटली असेल बघा. पण सौदा करताना वाण्याला वाणीच भेटला. १४ जानेवारी १६६५ ला कुकने गोव्यात ज्या करारावर सही केली, त्यात मेलुने जे जे हवं ते सगळं घालून घेतलं. इंग्रजांना फक्त मुंबईचं बेट. माहीम आणि बाकीच्या बेटांचा संबंध नाही. वांद्रे आणि साष्टीच्या लोकांच्या होड्या मुंबईच्या पाण्यातून विनाजकात जाणार. पोर्तुगीज जमीनदारांच्या जमिनींना हात लावायचा नाही.

बिचाऱ्याचे शिपाई मरत होते, दोन पावसाळे काढले होते. कशावरही सही केली असती त्याने.

वसईवाला

त्या करारात अजून एक कलम आहे, ते तुम्ही गाळलंत. पोर्तुगीजांच्या गावांतले कुळंबी, भंडारी आणि इतर बांधील कुळं मुंबईत पळून आली तर त्यांना ठेवून घ्यायचं नाही, परत पाठवायचं.

मी स्वतः भंडारी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन मिनिटं गप्प बसलो. राजे तिकडे लग्न लावतायत, इथे मेलु आणि कुक बेटाच्या हद्दीवर भांडतायत, नकाशा हरवलाय, क्लॅरेंडनला ब्राझील कुठे ते माहीत नाही. पण माडावर चढणारा माणूस कोणाच्या मालकीचा, एवढं मात्र सगळ्यांना नीट लिहिता येतं. काका म्हणतात तहात चतुःसीमा नाही. आमची मात्र आखलेली होती.

निवृत्त भूमापक

वसईवाला, याला उत्तर नाही.

पुणेरी टोमणे

छान चाललंय. पण एवढं पोर्तुगीजांचं कौतुक कशाला? दोघेही चोर. गुजरातचा सुलतान बहादूरशहा, त्याच्याकडून १५३४ च्या तहात वसई आणि ही बेटं पोर्तुगीजांनी उकळली. मोगल हुमायून गुजरातच्या मागे लागलेला म्हणून बहादूरशहा नाइलाजाने तयार झाला. चोराच्या घरी मोर.

तिसवाडीकर

@पुणेरी टोमणे, कौतुक कोणी केलं? बाजू मांडली. तुम्ही म्हणता त्या चोरांची दफ्तरं मात्र नीट होती, आणि तोच मुद्दा आहे. १५५४ च्या सुमारास सिमांव बोतेल्युने सगळ्या मुलखाची महसुली नोंद केली. तिच्यात मुंबई वेगळी, माझगाव वेगळं, माहीम वेगळं. परळ, वडाळा, शीव ही गावं माहीमच्या कसब्याखाली. म्हणजे इंग्रज येण्याच्या शंभर वर्षं आधीपासून कागदावर मुंबई म्हणजे दक्षिणेकडचं एक बेट एवढंच होतं. कुकचा करार लबाडीचा वाटतो, पण महसुली नोंदीप्रमाणे मेलुचं म्हणणं बरोबर होतं. काका सांगतील.

निवृत्त भूमापक

बरोबर. सातबारा वेगळा म्हणजे गट वेगळा. मेलुच्या बाजूने निकाल देतो. 😀

शीवकर

निकाल द्यायची घाई नको काका, प्रतिवादी अजून बोललेला नाही.

१८ फेब्रुवारी १६६५. ताबा दिला गेला तो डोना इग्नेझ दि मिरांडा हिच्या वाड्यात. ही मुंबईची शेवटची पोर्तुगीज जमीनदारीण. जागा तीच, जिथे शंभरएक वर्षांपूर्वी वैद्य गार्सिया द ओर्ता राहायचा. आज एशियाटिक लायब्ररीच्या मागे नौदलाच्या आवारात. ताबापावतीचा मजकूर मला फार आवडतो. कुक बेटावर चालला, बेटाची माती आणि दगड हातात घेतले, बुरुजांवर गेला, भिंतींना हात लावला. जमीन ताब्यात घेतल्याचा विधी म्हणून हे सगळं नोंदवलंय. लंडनमध्ये सही होऊन साडेतीन वर्षं उलटली होती, तेव्हा कुठे मूठभर माती हातात आली.

आणि मग हाच वाणी, ज्याने "माहीम आमचं नाही" यावर सही केली, त्याने काही महिन्यांत माहीम घेतलं. धारावी, शीव, वडाळा सगळं. कारण काय दिलं? ओहोटीला मुंबईहून माहीमला पायी जाता येतं, मधे पाणीच नसतं. म्हणजे बेट एकच. म्हणजे माहीम मुंबईतच.

पुणेरी टोमणे

😂😂 हा युक्तिवाद मी पार्किंगच्या भांडणात वापरणार.

वेसावकर

कोळी माणसाला विचारा की ओहोटीचं! कुठली ओहोटी? उधाणाची की भांगाची? अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चढतं पण खूप आणि उतरतं पण खूप, पार लांबपर्यंत चिखल उघडा पडतो. अष्टमीच्या भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. म्हणजे कुकसाहेबांची मुंबई महिन्यातून दोन वेळा मोठी होणार आणि दोन वेळा लहान होणार. आणि हा रोज सहा-सहा तासांचा खेळ. दुपारी इंग्रजांचं, संध्याकाळी पोर्तुगीजांचं.

शिवाय चिखलातून चालणं म्हणजे रस्त्यावरून चालणं नव्हे. खाजणात मांडीपर्यंत पाय जातो. सवय लागते. बूट घालून तर विसराच.

शीवकर

वेसावकर, तुमचा प्रतिसाद मेलुच्या दरबारात कोणीतरी वाचून दाखवायला हवा होता.

तरीही प्रतिवादीच्या बाजूने एक सांगतो. खाजणं, मिठागरं, भातखाचरं यांनी ही बेटं तेव्हाच अर्धीमुर्धी जोडलेली होती. जमीन कसणाऱ्याला माहीम आणि परळ आणि वरळी वेगळे देश वाटत नसणार. "महसुली नोंद" आणि "पायाखालची जमीन" यांत कोणती खरी, हा वाद आजही तहसील कचेरीत रोज चालतो.

उलट बाजूने पोर्तुगीजही काही कमी नव्हते. कुलाबा मुंबईत येत नाही असं ते म्हणत राहिले आणि ते बेट इंग्रजांच्या हाती लागायला १६७५ उजाडलं.

वाचनवेडी

एक शंका. काही ठिकाणी ताब्याची तारीख ८ फेब्रुवारी आणि वर्ष १६६४ असं वाचलंय. कोणतं खरं?

तिसवाडीकर

दोन्ही. पोर्तुगीज नव्या ग्रेगरियन पंचांगाने चालायचे, इंग्रज जुन्या ज्युलियनने. फरक दहा दिवसांचा. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, म्हणून त्यांच्या हिशेबी फेब्रुवारीत अजून १६६४ च चालू. बेट केवढं दिलं यावर एकमत नाही, कधी दिलं यावरही नाही.

इतिहासाचा विद्यार्थी

छान धागा. एक जोड. तेव्हा महाराज कुठे होते ते बघा. जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली, म्हणजे ज्या ऑक्झेंडनने शिपमनला दारात उभं केलं नाही त्याच्याच वखारीसमोर. आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये, इकडे कुक माती मुठीत घेत होता तेव्हा, महाराज आरमार घेऊन बसरूरला. परतताना गोकर्ण आणि कारवारकडून आले. अंजदीव तिथून हाकेच्या अंतरावर. इंग्रज तिथून जेमतेम निघाले होते.

पुढे १६७९ ला महाराजांनी खांदेरी बेट बळकट करायला घेतलं, तेव्हा इंग्रज काय म्हणाले? खांदेरी मुंबईचाच भाग आहे! म्हणजे "लागू असेल ते" हे शब्द त्यांनी थळच्या समोरपर्यंत ताणले. तिथे महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्याने त्यांना दाद दिली नाही. @वसईवाला, हे खास तुमच्यासाठी.

वसईवाला

❤️

शीवकर

आता वादाचं खरं पोट. हद्द हा कागदी भाग झाला. भांडण पेटत राहिलं ते जकातीवरून.

नकाशा काढून बघा. मुंबई बेटावर पिकत काय होतं? नारळ, थोडं भात, मीठ, मासे. धान्य आणि लाकूड यायचं कल्याणहून, घाटावरून. होडीने यायला वाट ठाण्याच्या खाडीची, ते पोर्तुगीजांचं. दक्षिणेकडून यावं तर उरणजवळचं करंजा बेट, तेही पोर्तुगीजांचं. म्हणजे आंदणात घराची चावी मिळाली आणि जिना शेजाऱ्याच्या मालकीचा. ठाण्याला आणि करंजाला पोर्तुगीज जकात घ्यायचे, चिडले की तांदूळ अडवायचे. मुंबईहून निषेधाची पत्रं गोव्याला, गोव्याची लिस्बनला, लिस्बनची लंडनला. उत्तर यायला दीड-दोन वर्षं, तोवर गव्हर्नर बदललेला किंवा मेलेला.

मेलेला हे अतिशयोक्ती म्हणून लिहिलेलं नाही. कुकनंतर नोव्हेंबर १६६६ मध्ये जर्व्हेस ल्युकस आला, त्याने पैसे खाल्ल्याच्या आरोपावरून कुकलाच कैदेत टाकलं आणि मे १६६७ मध्ये स्वतः मेला. वैतागून चार्ल्सने मार्च १६६८ मध्ये हे बेट वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. सनदेत मुंबई "ईस्ट ग्रीनिचच्या मॅनरप्रमाणे" (मॅनर म्हणजे जहागीर) धारण करायची असं लिहिलंय, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आपण सगळे लंडनच्या एका उपनगराचे शेजारी. टँजियरची गत तर याहून वाईट. १६८४ ला इंग्रजांनी स्वतःच तटबंदी उडवून ते सोडून दिलं.

कंपनीचा जेराल्ड ऑन्जिअर मात्र खमक्या. शीवचा किल्ला त्याच्या काळातला (१६६९-७७). माझ्या भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. जमीनदारांशी त्याने १६७२ मध्ये वेगळा समझोता केला, लोकांनी वर्षाला वीस हजार शेराफी (गोव्याकडचं पोर्तुगीज नाणं) द्यायचे आणि जमिनींच्या मालकीचा वाद मिटवायचा. कुकचा १६६५ चा करार चार्ल्सने कधी मान्य केलाच नव्हता, १६७७ मध्ये तर तो पाळू नका असं स्पष्ट कळवलं. वाटाघाटी करणाऱ्यालाच खोटं पाडायचं, म्हणजे सही नावापुरती.

पुणेरी टोमणे

मग शेवटी जिंकलं कोण? की नेहमीप्रमाणे "हा विषय मोठा आहे" म्हणून सटकणार?

वसईवाला

जिंकलो आम्ही! म्हणजे चिमाजी अप्पा. १७३७ ला ठाणं आणि साष्टी, १७३९ च्या मे महिन्यात वसई. पंचाहत्तर वर्षं इंग्रज-पोर्तुगीज ज्या साष्टीवरून पत्रं लिहीत बसले ती तिसऱ्यानेच घेतली.

वेढ्याच्या वेळी वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने मुंबईच्या इंग्रजांकडे हात पसरले. फौज मिळाली नाही. पंधरा हजार रुपये कर्ज मिळालं, तेसुद्धा चर्चची चांदीची भांडी आणि पितळी तोफा गहाण ठेवून. आणि वसई पडल्यावर दोन महिन्यांत, जुलै १७३९ मध्ये, इंग्रजांचा कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांशी व्यापाराचा तह करून मोकळा. शेजारी असावा तर असा.

तिसवाडीकर म्हणाले ते इथे जुळतं. मेलुची "इंडिया" गेली खरी, पण घेतली इंग्रजांनी नाही.

शीवकर

आणि त्या १७३७ ची खूण अजून उभी आहे. धारावीचा काळा किल्ला, म्हणजे रिवा किल्ला. बस आगाराच्या बाजूला, दोन्हीकडून घरांनी दाबलेला. आत जायला दरवाजा नाही, भिंतीवरून चढावं लागतं. बाहेरच्या भिंतीत एक दगड आहे, त्यावर गव्हर्नर जॉन हॉर्नच्या हुकमावरून १७३७ मध्ये बांधल्याचं कोरलंय. मी गेलो तेव्हा त्याच्याच खाली कोणाच्या तरी गोधड्या वाळत घातल्या होत्या, अक्षरं वाचायला गोधडीचं टोक उचलावं लागलं. साल बघितलं आणि लक्षात आलं, ठाणं पडलं त्याच वर्षीचा दगड. खाडीपलीकडचा शेजारी बदलला, लगेच भिंत.

पुढचं झटपट. १७७४ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांचं आरमार साष्टी परत घ्यायला येतंय अशी आवई उठली. तेच निमित्त करून मुंबईच्या इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला मारला, तेव्हा इकडे नारायणरावांच्या खुनानंतरचा गोंधळ चालू होता. पोर्तुगीजांनी निषेध नोंदवला, ती साष्टी आमची म्हणून! हातून जाऊन सदतीस वर्षं झाली होती. मग राघोबादादांचा सुरतचा तह, पुरंदरचा तह, आणि १७८२ ला सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी, करंजा इंग्रजांकडे कायम.

मार्लबरोने १६६२ ला मागितलं होतं ते १७८२ ला मिळालं. एकशेवीस वर्षं, आणि सही करणारा पोर्तुगीज नव्हताच.

इतिहासाचा विद्यार्थी

वसई मात्र इंग्रजांना सोडावी लागली हो तेव्हा. नाना आणि महादजींना एवढं तरी श्रेय द्या.

शीवकर

दिलं. मान्य.

हे सगळं भाच्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कुर्ला मुंबईत कधी आलं?" सांगा आता कोणीतरी.

निवृत्त भूमापक

हे माझं खातं. साष्टीतली वांद्रे, कुर्ला, अंधेरीकडची उपनगरं मुंबईच्या पालिका हद्दीत आली १९५० ला. दहिसर-मुलुंडपर्यंतची १९५७ ला. मार्लबरोच्या यादीतलं ठाणं अजूनही नाही.

ठाणेकर मीच

आणि येणारही नाही.